रोजच्या लेखणीचा शोध

जूनच्या मध्यास, शाळा उघडावयाच्या सुमारास, जळगांवच्या किंवा धुळ्याच्या बाजारांतील वह्यापुस्तकांच्या एखाद्या दुकानांत घटकाभर उभें राहिलें, म्हणजे एक गंमत दृष्टीस पडते. गिऱ्हाईक पेन मागतें. दुकानदार चार पेनें आणि कागदाचा एक कपटा पुढें सरकवतो. त्या कपट्यावर गिऱ्हाईक काय लिहितें? आपली सही, किंवा सही परक्याच्या दृष्टीस पडूं नये अशी काळजी असेल, तर दोन-चार वेटोळीं. सही छान उठली, कीं पेन खिशाला लागतें आणि परीक्षा संपते. वर्षानुवर्षें गिरवून जी हातांत मुरली आहे, ती सही मोडक्या काडीनेंहि चांगलीच उठते, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बैलाला दारापुढें एकदां फिरवून पाहावें आणि मग एकदम दहा कोसांच्या मजलीस जुंपावें, तसाच हा प्रकार होतो.

रोजच्या लेखणीची मजल लांब असते. घरखर्चाची वही, मुलांचें टिपण, तीन तासांची उत्तरपत्रिका, कचेरींतला अर्ज, आप्तांना पाठवावयाचें पत्र, अशीं तिचीं कामें. हल्लीं पुष्कळसा मजकूर मोबाईलवर बोटांनीं टिपला जातो हें खरें. परंतु त्यामुळेंच, जें कांहीं हातानें लिहावयाचें उरलें आहे, तें बहुधा महत्त्वाचें असतें. अशा कामास पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जी इमानानें चालते, ती चांगली लेखणी. ती ओळखावी कशी, याचा विचार आज करावयाचा आहे.

लेखणीचा शौक म्हणजे फाउंटन पेनांबरोबर विलायतेहून आलेलें खूळ, अशी कित्येकांची समजूत असते. ती खोटी ठरविणारा ग्रंथ मराठी घरांत तीन शतकांहून अधिक काळ वाचला जात आहे. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८२) दासबोधांतील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयीं आहे. माया, ब्रह्म आणि विवेक यांचें निरूपण करणारा हा ग्रंथ तेथें एकाएकी पंतोजीसारखा बोलूं लागतो. निरनिराळ्या देशांतले बोरू आणावे, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावे. लेखण्या तोडण्याचीं व रेघा आखण्याचीं साधनें, शाई, हिंगूळ यांचा संग्रह करावा, असा तेथें उपदेश आहे. देशोदेशींचे बोरू पारखून घ्या म्हणणारा हा सत्पुरुष आजच्या कोणत्याहि पेनशौकिनास आपलाच पूर्वज वाटेल.

परंतु समर्थ संग्रहापाशीं थांबत नाहींत. संग्रह कशासाठीं, हें ते सांगतात. त्यांच्या सांगण्यांतील तीन गोष्टी येथें विशेष ध्यानांत घ्याव्या. पहिली ही, कीं ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर एकाच टांकानें लिहिलें आहे असें वाटलें पाहिजे. दुसरी ही, कीं तरुणपणीं डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहूं नये. तें म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं, म्हणून मध्यम लिहावें. तिसरी ही, कीं पानाच्या चहूंबाजूंनीं जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षरास धक्का लागणार नाहीं. तिन्ही सूचनांचा रोंख एकच आहे. लिहिणाऱ्याच्या हौसेपेक्षां वाचणाऱ्याची सोय मोठी.

असे ग्रंथ जतन करण्याचें मोठें कार्य खानदेशांतच झालें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं धुळ्यास १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें गोळा केलीं आणि तीं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत सुरक्षित ठेविलीं. त्याच गांवीं इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९२६ सालच्या अखेरीस देह ठेवला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणाऱ्या या पुरुषानें जुन्या कागदांसाठीं आयुष्यभर पायपीट केली, आणि त्याच्या नांवानें चालणारें संशोधन मंडळ धुळ्यांतच आहे. जुनीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांना ठाऊक असतें, कीं चांगल्या लेखणीची आणि चांगल्या शाईची किंमत लिहिणाऱ्याला त्या दिवशीं कळत नाहीं. ती दोनशें वर्षांनंतर वाचणाऱ्याला कळते.

बोरूची घडण अगदीं साधी. वाळलेल्या बोरूची कांडी चाकूनें तिरपी छाटावयाची, टोंक चपटें करावयाचें आणि मधोमध चीर द्यावयाची. चिरेंतून शाई उतरते, आणि चपट्या टोंकामुळें एका दिशेची रेघ जाड तर दुसऱ्या दिशेची बारीक उठते. बाळबोध अक्षराला जो डौल आहे तो या छाटणींतून आलेला आहे. पण बोरू झिजतो. कांहीं पानें झालीं कीं तो पुन्हां छाटावा लागतो, आणि छाट बदलला कीं अक्षर बदलतें. म्हणूनच सारा ग्रंथ एका टांकानें लिहिल्यासारखा वाटणें ही मोठी कसोटी होती. शाई काजळाची, डिंकाच्या पाण्यांत घोटलेली. काजळ म्हणजे केवळ कोळसा. वर्षें लोटलीं तरी त्याचा काळेपणा उडत नाहीं. पाणी मात्र त्याचें वैरी. हिराकस आणि माजूफळ यांच्या शाईचें याच्या उलट असतें. ती कागदांत भिनून बसते, परंतु काळानें तपकिरी पडते आणि कधींकधीं आपल्या आंबटपणानें कागदच खाते.

इंग्रजी अमदानींत बोरूच्या जोडीला टाक आला. लाकडी दांडी, पोलादी निब आणि शेजारीं दौत, असा त्याचा संसार. छाटण्याची कटकट गेली, पण बुडविण्याची राहिली. बुडविल्यावर पहिला शब्द काळाभोर, चौथा फिका. आणि अंगठ्याला व सदऱ्याला शाईचा प्रसाद ठरलेला. मुंबईस दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या. पुढें कॅमल या नांवानें घरोघर पोंचलेल्या उद्योगाचा तो आरंभ होय.

दौत लेखणीच्याच पोटांत घालण्याचा खटाटोप पाश्चात्त्य देशांत बरींच वर्षें चालला होता. न्यूयॉर्कच्या वॉटरमननें १८८४ सालीं ज्या रचनेचा हक्क मिळविला तिच्यांत त्याला चांगलें यश आलें. निबेखालीं जी जीभ असते तिला बारीक चर असतात. त्यांतून जेवढी शाई खालीं उतरते तेवढीच हवा वर जाते. हवा गेली नाहीं तर शाई अडते; अधिक गेली तर डाग पडतो. फाउंटन पेनाचें सारें रहस्य या देवाणघेवाणींत आहे. निबेच्या टोंकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा सूक्ष्म कण जोडलेला असतो, म्हणून ती वर्षानुवर्षें झिजत नाहीं; आणि झिजते तीहि मालकाच्या हाताच्या कलाप्रमाणें. आपलें पेन दुसऱ्याच्या हातीं न देणारे जुने कारकून कंजूष नव्हते. त्यांना ही गोष्ट अनुभवानें ठाऊक होती.

परंतु हें पेन परदेशी होतें, आणि स्वदेशीच्या दिवसांत तें पुष्कळांच्या मनाला टोंचत असे. जी गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावते तिच्याच कांठीं, पार आंध्रांतल्या राजमहेंद्रीस, के. व्ही. रत्नम् यांनीं १९३२ च्या सुमारास स्वदेशी पेनें करण्यास आरंभ केला. त्यांनीं पाठविलेल्या पेनाची पोंच गांधीजींनीं जुलै १९३५ मध्यें वर्ध्याहून दिली. आपण पेन वापरून पाहिलें, आणि बाजारांतील परदेशी पेनांच्या जागीं तें चांगलें चालेल असें दिसतें, असा त्या पत्राचा आशय होता. पेन दिसावयास सुंदर आहे किंवा देशी आहे म्हणून त्यांनीं पसंतीची मोहोर उठविली नाहीं. आधीं वापरलें, मग मत दिलें. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९३६ मध्यें, आपल्या खानदेशांतल्या फैजपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. खादी आणि ग्रामोद्योग यांचें प्रदर्शनहि तेथें होतें. नित्याच्या गरजेची वस्तु आपल्या कारागिराच्या हातून व्हावी आणि ती कामास पुरी उतरावी, हा विचार तेथें मांडला गेला. राजमहेंद्रीचें पेन हें त्याच विचाराचें एक लहानसें उदाहरण आहे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेलें रबर. त्याचीं पेनें त्या गांवीं आजहि हातानें घडविलीं जातात, आणि बिघडलीं तर उघडून नीट करतां येतात.

फाउंटन पेन वापरणाऱ्या खानदेशच्या माणसानें एक पथ्य मात्र पाळलें पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो. अर्धें रिकामें पेन अशा वेळीं खिशांत असलें, कीं आंतली हवा तापून फुगते आणि शाईला बाहेर लोटते. मग सदरा धोब्याच्याहि हाताबाहेर जातो. लोक पेनाला दोष देतात. दोष पेनांतल्या रिकाम्या जागेचा असतो. उन्हाळ्यांत पेन भरलेलें ठेवावें, निब वर करून ठेवावें आणि टोपण घट्ट लावावें.

आतां दुसऱ्या एका कसोटीकडे वळूं. ती वेगाची आणि थकव्याची. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशा अठरा रविवारीं अठरा अध्याय झाले. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते प्रवचनें लिहून घेत होते. अमळनेरला शिक्षक असतांना छात्रालयांतील मुलांसाठीं हातानें दैनिक लिहून काढणारा तो हात. त्याला लिहिण्याचा कंटाळा ठाऊक नव्हता. तरी प्रसंग बिकट होता. बोलणारा लेखणीसाठीं थांबत नाहीं. बोटें आंखडलीं किंवा शाई अडली तर वाक्य गेलें, आणि गेलेलें वाक्य पुन्हां त्याच शब्दांत येत नाहीं. तीं प्रवचनें पुढें पुस्तकरूपानें आलीं आणि देशांतल्या कितीतरी भाषांत गेलीं. तें सारें त्या लिहून घेण्यावर अवलंबून होतें. रोजच्या लेखणीपासून काय मागावें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. लिहिणाऱ्याला आपल्या हातांत लेखणी आहे याची आठवणहि होऊं नये.

न अडतां चालण्याचें आश्वासन घेऊनच बॉलपेन जन्मास आलें. हंगेरींतील लास्लो बिरो हा वृत्तपत्रकार. छापखान्याची शाई लौकर वाळते, मग पेनाची कां वाळूं नये, असें त्याच्या मनानें घेतलें. ती घट्ट शाई निबेंतून उतरेना, म्हणून त्यानें टोंकाशीं फिरती गोळी बसविली आणि १९३८ सालीं आपल्या युक्तीची नोंद केली. ऑक्टोबर १९४५ मध्यें न्यूयॉर्कच्या एका दुकानांत अशीं पेनें साडेबारा डॉलरला विकावयास निघालीं तेव्हां झुंबड उडाली. आज तसलेंच पेन आपल्याकडे पांच-दहा रुपयांस मिळतें. या स्वस्ताईला नांवें ठेवूं नयेत. दौत नको, टीपकागद नको, डागांची भीति नको; सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील मुलाच्याहि हातीं जी लेखणी पोंचली, ती हीच.

पण तिचा एक गुणधर्म पालकांनीं समजून घेतला पाहिजे. गोळी दाबल्यावांचून नीट फिरत नाहीं. निब कागदावरून केवळ ओढली कीं लिहिते. गोळीला बोटांनीं भार द्यावा लागतो. चार ओळींना तो जाणवत नाहीं. चाळीस ओळींना अंगठा दुखूं लागतो, पकड आवळते, आणि अक्षर उतरणीला लागतें. पुष्कळ घरांत मुलाला अक्षरावरून बोल ऐकावे लागतात. त्याची वही नीट पाहावी. पहिलें पान सुरेख आणि पांचवें वेडेंवांकडें असेल, तर तो आळस नसून थकवा आहे. पानाच्या पाठीमागें अक्षरांचे उंचवटे हाताला लागत असतील, तर मुलगा पेनाशीं झुंजत आहे असें समजावें. अशा मुलाला शिक्षा करण्यापूर्वीं त्याचें पेन बदलून पाहावें. अलीकडचें जेल पेन पाणीदार शाईचें असतें, म्हणून तें हलक्या हातानें चालतें. परंतु तें लौकर संपतें, आणि हलक्या कागदावर त्याची शाई मागच्या बाजूस उमटते.

यावरून कोणी म्हणेल, कीं मग सर्वांत उंची पेन आणावें आणि मोकळें व्हावें. शौकीन मंडळी नेमकी येथेंच फसतात. पेनाचा शौक जडलेल्या गृहस्थाचा खण उघडून पाहावा. सोनेरी निबेचें एक, परदेशच्या भाच्यानें आणलेलें एक, निवृत्तीच्या समारंभांत मिळालेलें एक. प्रत्येकाच्या निबेचा इतिहास त्याला तोंडपाठ असतो. दुधाचा हिशेब मात्र तो दिनदर्शिकेला बांधलेल्या पेन्सिलीनें लिहितो! हरवण्याच्या भीतीनें जी घराबाहेर निघत नाहीं आणि झिजण्याच्या भीतीनें जी कागदावर टेकत नाहीं, ती लेखणी दागिना झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं वहीबरोबर दौतलेखणीचीहि पूजा करण्याची आपल्याकडे चाल आहे. पण ती पूजा वर्षभर राबलेल्या आणि पुढें वर्षभर राबणाऱ्या लेखणीची असते.

तेव्हां पारख करावयाची ती अशी. दुकानांत जातांना आपल्या नेहमींच्या वहीचें एक पान बरोबर न्यावें. कारण दुकानदाराच्या गुळगुळीत कपट्यावर सरळ चालणारी शाई आपल्या वहीवर फुटूं शकते. सही करूं नये. चार-पांच ओळींचा एखादा पाठ असलेला मजकूर नेहमींच्या वेगानें लिहावा. आपली लिपि शिरोरेघेला टांगलेली आहे. ती लांब आडवी रेघ मध्यें तुटते कीं काय तें पाहावें. मग ध, भ, क्ष, ळ हीं अक्षरें नेहमींच्या आकारांत लिहावीं. त्यांच्या गांठी आणि पोटें शाईनें बुजलीं, तर टोंक आपल्या अक्षराला जाड आहे. रेघ इतकी बारीक उठली कीं हात लांब केल्यावर दिसेनाशी होते, तर समर्थांची सूचना आठवावी आणि मध्यम टोंक घ्यावें. शेवटीं पेन घटकाभर उघडें ठेवून पुन्हां टेकवावें; पहिला फटकारा कोरडा गेला नाहीं, तर लेखणी घरीं नेण्याजोगी आहे. तिची निब, जीभ किंवा कांडी बदलून मिळते कीं नाहीं, हेंहि विचारून ठेवावें. शाईविषयीं एवढेंच, कीं रोजच्या लेखनास धुतां येणारी निळी शाई पेनाला मानवते. परंतु जे कागद मुलानातवंडांच्या हातीं जावयाचे, त्यांसाठीं पाण्यानें न जाणारी पक्की शाई वापरावी, आणि त्या पेनाला वरचेवर पाण्यानें धुवावें.

येथपर्यंत सगळा विचार लिहिणाऱ्याच्या हाताचा झाला. शेवटीं एका अशा व्यक्तीचें स्मरण करावें, जिच्या हातीं लेखणी कधीं आलीच नाहीं. जळगांवजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत त्यांच्या मुखांतून जी कविता सहज बाहेर पडे, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनीं वेळोवेळीं उतरून ठेविली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, ती पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आली. उतरून घेणाऱ्यांनीं त्या वेळीं वहीकडे हात नेला नसता, तर आज मराठी घरोघर जी बहिणाबाईंची गाणीं म्हटलीं जातात, तीं आसोद्याच्या वाऱ्यावर विरून गेलीं असतीं. प्रत्येक घरांत असें कांहीं बोलणारें वडील माणूस असतें. त्याच्या ओव्या, त्याच्या हकीकती, सणावारांच्या रीती, एखाद्या पदार्थाचें नेमकें प्रमाण, हें सारें कोणीतरी लिहून घ्यावयाचें असतें. आणि तो प्रसंग आधीं सांगून येत नाहीं. अशा वेळीं खणांतली उंची लेखणी सांपडत नाहीं. सांपडते ती खिशांतली. म्हणून खिशांतली लेखणी चांगली असावी.

नवें पेन घरीं आणल्यावर आठ दिवस तेंच वापरावें. आठव्या दिवशीं एका बैठकींत दोन पानें लिहावीं, आणि तीं घरांतल्या सर्वांत वडील माणसाच्या हातीं वाचावयास द्यावीं. त्यांना दुसऱ्या पानाची शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच सहज वाचतां आली, तर लेखणीचा शोध संपला असें समजून कामाला लागावें.